तोंड काढणारी

रोज सकाळी चहा झाला की काकू कप पालथा घालायची, खुर्ची खिडकीशी ओढायची आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर एक तोंड काढायची. कुंचला सगळ्यात बारीक, रंग लाल. वरची रेघ मधोमध किंचित दबलेली, खालची जराशी भरलेली. एवढंच. मग ती नख उजेडात धरून बघायची. आज हात कसा आहे ते तिला त्या नखावर कळायचं. तोंड हसरं निघालं तर दिवस बरा, आणि वाकडं निघालं तर ती आपणहूनच जाहीर करायची, "आज आमचं कुणाशी पटायचं नाही. आधीच सांगून ठेवते." संध्याकाळी रॉकेलच्या बोळ्याने ती ते पुसून टाकायची. दुकानाचं शटर पडून बरीच वर्षं झाली होती, नवरा गेला होता, तोंड काढावं असं घरात काही उरलं नव्हतं, तरी नखावरचं तोंड काही चुकलं नाही. दीर म्हणायचा, "वहिनी, तुमच्या नखाला बोलता आलं असतं तर तुमच्यासारखंच बोललं असतं." त्यावर ती म्हणायची, "मग तुम्हाला उत्तर द्यायला घरात दोघी झालो असतो."

घराचा धंदा लाकडी बाहुल्यांचा. वीतभर उंचीची, हातपाय नसलेली, खाली घेरदार आणि वर गोल डोक्याची बाहुली, एकाच तुकड्यातून कातलेली. कामं वाटलेली असत. पुरुष लेथवर लाकूड कातायचे, सासूबाई डोळे आणि केस रंगवायच्या, झग्यावरची फुलं आणि वेली बाकीच्या बायका. काकू लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला यातलं काहीच येत नव्हतं. फुलं काढायला दिली तर कोबी निघायचे. सासूबाईंनी चार-सहा महिने वाट बघितली आणि एक दिवस सगळ्यांसमोर निकाल दिला, "हिचा हात दगड आहे. पण जीभ बघा कशी चालते. हिला बाहेर बसवा."

बाहेर म्हणजे दुकानात, तोंड काढायच्या जागी. त्या घरातल्या बाहुल्यांना शेल्फवर असताना तोंड नसायचं. डोळे, भुवया, नाकाचा ठिपका, गालावरची लाली, सगळं असायचं. नाकाखाली मात्र कोरी जागा. मूल यायचं, रांगेतली एक बाहुली निवडायचं, मग त्याला समोरच्या बुटक्या स्टुलावर बसवायचं. त्याच्याशी बोलायचं आणि बोलता बोलता त्याचं तोंड बघून बाहुलीला तोंड काढायचं. ही पद्धत कुणी पाडली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईंच्या मते ती गिऱ्हाईक थोपवून धरायची युक्ती होती. रंग वाळेपर्यंत मूल हलत नाही, आणि तेवढ्यात आईला आणखी एखादी बाहुली आवडते. काकूला मात्र ते काम असं चिकटलं की विचारायला नको. तिला पाच पाकळ्यांचं फूल धड जमत नव्हतं, पण समोरचं तोंड कसं आहे ते तिला एका नजरेत दिसायचं. रुसताना कुठला कोपरा आधी खाली येतो, खोटं बोलताना वरचा ओठ कसा ताणला जातो, दात पडलेलं मूल ओठ कसे मिटून घेतं.

"हिचं नाव काय ठेवणार?" ती विचारायची.

"नाही सांगणार."

"बरं. खाते काय ही?"

"माती."

"आणि झोपते कुठे?"

"झोपतच नाही. रात्रभर भांडते."

"अगं बाई! कुणाशी?"

"बाबांशी."

शेजारी उभ्या असलेल्या आईला कुठे बघावं ते कळायचं नाही, आणि तोवर काकूने ते भांडकुदळ तोंड जसंच्या तसं बाहुलीवर उतरवलेलं असायचं. खालचा ओठ पुढे, एक कोपरा वर. मूल बाहुलीकडे बघायचं आणि बाहुली मुलाकडे. या कामाला एक क्षण असायचा, लाल रंग ओला आणि चकचकीत असतानाचा, तेव्हा ती दोघं खरंच एकमेकांना ओळखल्यासारखी दिसायची. काकू त्या क्षणासाठी जगत होती असं म्हटलं तर ती स्वतःच हसली असती. पण ती दुकानातून कधी लवकर उठली नाही एवढं खरं.

मग प्लास्टिकच्या बाहुल्या आल्या. त्या आडव्या केल्या की डोळे मिटायच्या, सेल घातला की रडायच्या. रडणाऱ्या बाहुलीपुढे लाकडाची गप्प बाहुली कोण घेणार? आधी झग्यावर फुलं काढणाऱ्या बायका दुसऱ्या कामाला लागल्या. मग सासूबाई गेल्या. लेथवर बाहुल्यांऐवजी खुर्च्यांचे पाय आणि कपाटांच्या मुठी निघू लागल्या. मग काकूचा नवरा गेला. आयुष्यभराचा भुसा छातीत बसला होता, असं डॉक्टर म्हणाले. धाकटी जाऊ तर आधीच, मुलगी तीन वर्षांची असताना गेली होती. घरात उरली काकू, दीर आणि ती मुलगी. काकूला स्वतःचं मूल झालं नाही. दिराच्या मुलीला तिनेच न्हाऊमाखू घातलं, तिनेच चार धपाटे घातले. जन्मली तेव्हा डोकं गोल गरगरीत आणि केस काळेभोर चप्प बसलेले, म्हणून लाकडी बाहुलीवरून तिचं नाव पडलं ठकी. कागदोपत्री वेगळं होतं, ते फक्त शाळेला माहीत.

ठकी शिकली, मोठ्या शहरात नोकरीला लागली आणि काही वर्षांनी एका संध्याकाळी दोन बॅगा घेऊन परत आली. नोकरी सुटली की सोडली हे तिने सांगितलं नाही आणि काकूने विचारलं नाही. त्याच सुमारास दीर लेथ विकायला काढत होता. खुर्च्यांचे पायही आता कारखान्यातून यायला लागले होते. गिऱ्हाईक बघूनही गेलं होतं. ठकीने माळ्यावरची जुनी पेटी उघडली, उरलेल्या बाहुल्या पुसून खिडकीत मांडल्या, फोटो काढले आणि आठवडाभर कॉम्प्युटरला डोकं लावून बसली. मग एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, लेथ विकू नका."

"का? तू फिरवणार?"

"तुम्ही फिरवा. बाहुल्या करू. लोक जमवतात हल्ली अशा वस्तू."

"जमवतात म्हणजे?" काकूने विचारलं. "कशाला?"

"ठेवायला."

"ठेवायला? खेळायला नाही?"

"काचेच्या कपाटात ठेवतात, काकू. आठवण म्हणून."

"कुणाची आठवण?"

ठकीने पोळीचा तुकडा मोडला. "कुणाचीही," ती म्हणाली.

काकूला ते उत्तर पटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने दिराकडून बुटक्या स्टुलाचा हलणारा पाय ठोकून घेतला. बाहुल्या होणार म्हणजे तोंडं होणार. बाकीचं ठकीचं ठकी बघेल.

पुढचे महिने घराच्या अंगात आल्यासारखे गेले. लेथचा आवाज सकाळपासून. दीर पुन्हा शीळ घालू लागला, तीही बेसूर. डोळे, केस आणि फुलं ठकीने उचलली. तिचा हात आजीवर गेला होता. बाहुल्या शेल्फवर रांगेने उभ्या राहिल्या, वाळल्या, आणि काकू खिडकीशी कुंचला घेऊन तयार बसली.

"गिऱ्हाईक कधी येणार?"

"गिऱ्हाईक येत नाही, काकू. बाहुली जाते. खोक्यात घालून पाठवायची."

"मग मी तोंड कुणाचं काढू?"

"काढ कुठलंही. छान हसरं काढ."

छान हसरं. काकूने कुंचला उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. समोर कुणी बसलेलं नसताना बाहुलीला तोंड तिने आयुष्यात काढलं नव्हतं. आठवणीतली मुलं आठवून बघितली, पण ती सगळी एकमेकांत मिसळून गेलेली. शेवटी समोर लेथवर दीर होता, त्याच्याकडे बघून तिने डझनभर तोंडं काढली. संध्याकाळी ठकी बघायला आली आणि रांगेसमोर उभी राहून हसत सुटली.

"काकू, या सगळ्या बाबांसारख्या तोंड वाकडं करून बसल्यात!"

"मग? समोर तेच होते."

"माझं तोंड असं आहे?" दीर लेथ बंद करून आला. त्याने एक बाहुली उचलली, लांब धरून बघितली. "वहिनी, मी इतका त्रासलेला दिसतो?"

"सकाळपासून तर असेच दिसताय. लाकूड कातताय की दात उपटताय, कळत नव्हतं."

त्या दिवशी तिघं पोटभर हसली. पण त्या बाहुल्या कुणी घेतल्या नाहीत. मग ठकीनेच तोड काढली. जे लोक मागवतील त्यांच्याकडून फोटो मागवायचा. फोटो यायला लागले. काकू चष्मा लावून, फोन नाकाशी धरून बघायची. मोठी माणसं, बहुतेक सगळी कॅमेऱ्याकडे बघून हसणारी. तिने चारपाच काढली आणि फोन ठकीच्या हातात दिला.

"यांची तोंडं वेगळी नाहीत गं. सगळ्यांनी एकाच दुकानातून आणल्यासारखी."

"जमेल तसं काढ. कुणाला कळणार आहे?"

"मला कळतं ना."

ती काढत राहिली. बाहुल्या जात राहिल्या, एक-दोन करत. लेथ विकायचं नाव निघेना, पण घेणाराही अधूनमधून फोन करून विचारत असे, आणि दीर त्याला नक्की नाही म्हणत नसे.

मग शहरातल्या एका मोठ्या दुकानाने बाहुल्या मागवल्या. आठवणीच्या वस्तू विकणारं दुकान. तिथे फक्त या बाहुल्यांचं प्रदर्शन भरणार होतं. ठकीने जेवणाच्या टेबलाशी हे सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "लोक येतील, बाहुल्या बघतील, निवडतील. हे जमलं ना बाबा, तर मग पुढे काळजीच नाही. आणि नाही जमलं तर त्या माणसाला लेथ देऊन टाका."

काकूने यातले तीन शब्द ऐकले. येतील, बघतील, निवडतील.

तिने नंतर कुणाला काही विचारलं नाही. विचारायचं काय होतं? माणसं येणार, समोर उभी राहून बाहुली निवडणार, म्हणजे तोंड तिथे काढायचं हे उघड होतं. आणखी कुठे काढणार? ठकी दुकान मांडायला पुढे गेली. जाताना दारातून बापाला म्हणाली, "काकूचं झालं की पॅक करून गाडीत घाला." दिराने मान हलवली. काकू आतल्या खोलीत होती. काकूचं काय व्हायचंय ते दिराने विचारलं नाही. अशी चूक या घराबाहेर कुणाकडूनही झाली नसती. दिराने शेल्फवरच्या बाहुल्या एकेक करून उतरवल्या, मऊ कागदात गुंडाळल्या, खोक्यात निजवल्या. त्याच्या हातून आयुष्यात गेलेली प्रत्येक बाहुली बिनतोंडाचीच गेली होती. तोंड पुढे, दुकानात, बायकांच्या ताब्यात; फोटोवरून काढलेल्या बाहुल्याही ठकीच खोक्यात भरायची. त्याच्या डोळ्याला त्यात काही कमी दिसलंच नाही. आणि काकूने खोकी गाडीत चढताना स्वतः बघितली. "हळू हो," ती गाडीवाल्याला म्हणाली. "डोळे ओले नाहीत, पण खरचटतील."

मग तिने कुंचले धुतले, फडक्यात गुंडाळले, लाल रंगाची नवी बाटली त्यात ठेवली. ठेवणीतली शाल काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आवरून ती बाहेरच्या खोलीत बसली. दीर दोनदा आत-बाहेर करून थांबला.

"वहिनी, कुठे निघालात?"

"बोलावणं येईल."

"कुणाचं?"

"ठकीचं. गाडी पाठवेल नाहीतर तुम्हालाच सोडून या म्हणेल. तुम्ही लांब जाऊ नका."

तो लांब गेला नाही. दुपार झाली. फोन टेबलावर पालथा पडला होता, तिने तो उताणा केला. शाल गरम होत होती, पण काढली तर पुन्हा घड्या मोडतील म्हणून ती तशीच बसून राहिली. रस्त्यावर गाडी थांबल्यासारखा आवाज झाला की ती चपला घालायची. शेजारच्या दारात थांबलेल्या गाड्यांसाठी तिने त्या दिवशी कितीतरी वेळा चपला घातल्या आणि काढल्या. दुसऱ्या दिवशीही ती तशीच बसली. "पहिल्या दिवशी नुसतं बघायला येत असतील लोक," ती दिराला म्हणाली. तो बरं म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

ठकी आली ती हसत. दारातच तिने बापाला मिठी मारली. "सगळ्या गेल्या, बाबा! एकही उरली नाही. आणखी मागितल्यात, दुप्पट." मग तिला बाहेरच्या खोलीत शाल पांघरून बसलेली काकू दिसली, मांडीवर फडक्याची गुंडाळी, आणि तिचं हसणं चेहऱ्यावरच थांबलं.

"गेल्या म्हणजे?" काकूने विचारलं. "तोंडं कुणी काढली?"

ठकी खाली बसली. मग सगळं सांगितलं, तुटक तुटक. खोकं उघडलं तर एकीलाही तोंड नाही. लोक यायची वेळ झालेली. फोन करावा तर काय सांगावं? इतक्यात दुकानाची बाई शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, यांना तोंड का नाही?

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, आमच्याकडे अशाच असतात."

ते खोटंही नव्हतं, हे तिघांनाही कळत होतं, आणि म्हणूनच त्याला धरायचं कुठून ते कुणाला कळेना.

"ती बाई म्हणाली, किती शांत आहेत. बघणाऱ्याने हवं ते समजावं. लोकही तेच म्हणत होते, काकू. तासन्‌तास उभं राहून बघत होते. आता ते दुकान म्हणतं, अशाच हव्यात. त्यांनी नावसुद्धा ठेवलंय, मौन बाहुल्या. पेटीवर छापणार आहेत."

"अशाच म्हणजे कशा?"

"काकू..."

"सांग ना. माझ्या कानांना झालंय काय?"

"तोंड नको म्हणतात."

काकूने फडक्याची गुंडाळी टेबलावर ठेवली. शाल काढून तिची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. "बघणाऱ्याने समजावं," ती म्हणाली. "पोरं समजत नव्हती होय? तोंड होतं म्हणून त्यांचं काही अडलं नाही कधी."

दीर भिंतीला टेकून उभा होता. त्याला आनंद झाला होता आणि तो लपवायला त्याच्याकडे जागा नव्हती. "वहिनी, चालू दे आता," तो हळूच म्हणाला. "लेथ फिरतंय ना."

"फिरू दे की. मी कुठे हात धरलाय तुमचा?"

पुढच्या खेपेला बाहुल्या वाळून शेल्फवर उभ्या होत्या तेव्हा ठकी काही कामाने बाहेर गेली. परत आली तेव्हा खालच्या रांगेतल्या सगळ्या बाहुल्यांना तोंडं होती. कुणी हसत होती, कुणी रुसलेली, एकीने तर जीभच बाहेर काढली होती. कुठून आठवली कोण जाणे, पण ती मुलांची तोंडं होती, अगदी खरी. ठकी बराच वेळ बघत राहिली. मग तिने वाद घालायचं टाळलं आणि त्यातल्या थोड्या पेटीत घालून पाठवल्या. कदाचित आवडतीलही, असं तिला वाटलं असावं. काकूलाही वाटलं. त्या परत आल्या. बरोबर चिठ्ठी नव्हती, फक्त फोनवर दोन वाक्यं. आमच्या गिऱ्हाइकांना या नकोत, कृपया आधीसारख्या पाठवा.

लाल रंग लाकडात पक्का बसला होता, रॉकेलनेही पुसून जाईना. दिराने त्या बाहुल्या लेथशेजारी घेतल्या आणि पॉलिश पेपरने एकेकीचं तोंड घासून काढलं. काकू खिडकीशी बसून बघत होती. तो तिच्याकडे पाठ करून बसला होता, तरी त्याचे कान तिच्याकडेच होते.

"जरा जपून, भावोजी," ती म्हणाली. "नाक राहू द्या निदान."

"राहतंय, वहिनी."

"हं. श्वास तरी घेतील."

तो वळला नाही. पण त्याचा हात मधेच थांबला, आणि मग पुन्हा फिरू लागला.

नंतर काकूला पेट्यांना फीत बांधायचं काम दिलं. ठकीने फार सांभाळून दिलं. म्हणाली, "तुझ्यासारखी गाठ मला जमत नाही." फीत राखाडी रंगाची, पेटीही राखाडी. काकू गाठ बांधायची, टोकं सारखी करायची, पेटी डावीकडे सरकवायची. जीभ मात्र चालू होती. "हे बघ, आता मी पोस्टातली बाई झाले," ती म्हणायची. किंवा पेटीलाच विचारायची, "काय गं, गुदमरतंय का आत?" ठकी हसायची. हसणं संपलं की दोघीही आपापल्या कामाकडे बघत राहायच्या. धंदा जोरात चालला होता. छपरातली गळती बंद झाली, दिराला नवीन चष्मा आला, काकूच्या खोलीत हीटर आला. कशालाच नावं ठेवायला जागा नव्हती.

एकदा गाडी करून एक बाई बाहुल्या कुठे होतात ते बघायला आली. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. बाई ठकीबरोबर शेल्फपाशी बोलत राहिली आणि मुलगी फिरत फिरत काकूच्या खिडकीशी आली. फीत बांधायच्या पेटीत बाहुली निजली होती. मुलीने वाकून बघितलं.

"हिला तोंड कुठाय?"

काकूचे हात थांबले. "तुझ्याजवळ आहे," ती म्हणाली. "बस बघू इथे."

मुलगी बुटक्या स्टुलावर बसली. काकूने फडक्याची गुंडाळी सोडली. बाटलीतला रंग वर सुकला होता, त्याची साय काढून खालचा ओला रंग घेतला. बाहुली डाव्या हातात धरली आणि मुलीकडे बघितलं. समोरचा एक दात नव्हता, तिथे जीभ सारखी जात होती.

"काय म्हणते ही?"

"काही नाही म्हणत. तिला बोलता येत नाही."

"येईल आता. तू सांग, काय म्हणते?"

मुलीने विचार केला. "म्हणते, गाडीत उलटी होते."

"अरे देवा! मग काय करते?"

"पिशवीत करते. आणि मग पिशवी बाबांकडे देते."

काकू हसली. हसता हसता तिने श्वास धरला आणि कुंचल्याचं टोक बाहुलीच्या नाकाखाली नेलं.

"नको, नको!" मुलीची आई झपाट्याने आली. "अहो, तोंड नका काढू. तशीच हवी मला. तोंडाच्या तर कुठेही मिळतात."

कुंचला तिथेच थांबला. काकूने ठकीकडे बघितलं. ठकी शेल्फला हात लावून उभी होती. तिच्या मागे रांगच्या रांग कोरी.

"काकू," ती म्हणाली. "राहू दे."

काकू मुलीकडे वळली. "तुला कशी हवी गं?" तिने विचारलं. बाकी कुणाला विचारायचं तिच्या डोक्यातही नव्हतं. इतकी वर्षं ती स्टुलावर बसलेल्यालाच विचारत आली होती.

मुलीने आईकडे बघितलं. मग बाहुलीकडे. जीभ दाताच्या खिडकीतून आत गेली आणि ओठ मिटले.

"तशीच," ती म्हणाली.

काकूने कुंचला पुसला. बाहुली पेटीत ठेवली, झाकण लावलं, फीत बांधली, टोकं सारखी केली. गाडी गेल्यावर ती ठकीला म्हणाली, "पोर गोड होती," आणि पुढची पेटी ओढली. त्यानंतर कामाची जागा बघायला लोक आले की ती आतल्या खोलीत जाऊन पडायची. पाठ दुखते म्हणायची. पाठ दुखतही होती.

थंडी संपता संपता तिला खोकला लागला आणि तो राहिला. भूक गेली. डॉक्टर आले, औषधं आली, ती वेळच्या वेळी घेत होती. तशी ती अंथरुणाला खिळली वगैरे नाही. शेवटच्या दिवशीही सकाळी उठून खिडकीशी येऊन बसली होती. दुपारी जरा पडते म्हणाली आणि पडली, आणि संध्याकाळी दिराने चहासाठी हाक मारली तेव्हा उठली नाही. जरा पडते हे तसं तिचं अखेरचं वाक्य. पण ते तिने दाराकडे वळताना, स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं होतं. ठकी ते धरत नाही. ठकीच्या लेखी काकूचं बोलणं त्या सकाळपाशी संपतं.

त्या सकाळी लेथ बंद होतं. दीर लाकूड आणायला गेला होता. ठकी हातातलं काम टाकून आली आणि काकूसमोर बुटक्या स्टुलावर बसली. स्टूल मुलांसाठी केलेलं, तिचे गुडघे हनुवटीला लागत होते. तिच्या हातात एक कोरी बाहुली होती.

"काकू, एक काढ ना. माझ्यासाठी. ही विकायची नाही."

काकूने बाहुली घेतली, मग ठकीकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. ती बघत होती तशी ठकीची हनुवटी थरथरायला लागली.

"आधी रडायची थांब," काकू म्हणाली. "असलं तोंड काढलं तर ही जन्मभर रडत बसेल कपाटात. लोकांना वाटेल, आपण उपाशी ठेवलं."

"मी रडत नाहीये."

"बरं, नाहीयेस. नाक पूस." तिने बाहुली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि ठकीच्या खांद्यावरून मागे शेल्फकडे बघितलं. "उद्या बघू, आज हात जड आहे. ऊठ आता. त्या कडेच्या बाहुल्यांवर ऊन आलंय, आत सरकव. रंग उडेल."